गोधडीची घडण

घरातील बहुतेक वस्तू जुन्या झाल्या म्हणजे त्यांचे मोल कमी होते. भांड्याला पोचे पडतात, खुर्चीचा पाय डगमगू लागतो, छत्रीच्या काड्या वाकतात. परंतु एक वस्तू अशी आहे की, तिचा आरंभच जुनेपणातून होतो. विटलेले, विरलेले, फाटावयास आलेले कापड हाच तिचा कच्चा माल होय. ही वस्तू म्हणजे गोधडी.

महाराष्ट्रात गोधडीला निरनिराळी नावे आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी केलेल्या लहान गोधडीस दुपटे म्हणतात, आणि कापडाच्या चार घड्या घालून शिवलेल्या पांघरुणास चौघडी असे नाव आहे. दुपटे म्हणजे दोन पदरी आणि चौघडी म्हणजे चार घड्यांची. या नावांतच गोधडीचे मर्म आले आहे. रजईत किंवा दुलईत कापूस भरलेला असतो. गोधडीत कापडावर कापड घातलेले असते आणि ते थर टाक्यांनी एकमेकांना बांधलेले असतात.

मुलांनो, एवढ्या पातळ थरांनी ऊब कशी येते, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. खरे पाहता कापड स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब आपल्या शरीराची असते. ती बाहेर जाऊ न देणे एवढेच पांघरुणाचे काम असते. गोधडीच्या दोन थरांच्या मध्ये थोडी हवा अडकून राहते. ही स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळे शरीराची उष्णता आतच राहते. थर जितके अधिक, तितके हवेचे पडदे अधिक. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा चार पातळ थरांची गोधडी थंडीत अधिक उपयोगी पडते.

आता जुने कापडच का घ्यावयाचे, ते पाहू. नव्या कापडाला खळ असते. ते ताठ असते आणि त्याच्या चार थरांतून सुई सहज जात नाही. शिवाय नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. एक थर आटला आणि दुसरा आटला नाही, तर शिवण ओढली जाऊन गोधडी चुणते. जुने कापड शेकडो वेळा धुतलेले असते. जेवढे आटावयाचे तेवढे ते आटून गेलेले असते आणि त्याचा स्पर्श मऊ झालेला असतो. बाळाच्या दुपट्यासाठी आजीचे जुने लुगडे काढतात, त्यात मायेबरोबर हा व्यवहारही आहे. बाळाच्या नाजूक कातडीला याहून मऊ कापड विकत मिळणे कठीण.

नऊवारी लुगडे तर जणू गोधडीसाठीच मापून विणलेले असावे, असे वाटते. त्याची लांबी नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर असते. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या की, प्रत्येक घडी दोन मीटरांहून किंचित अधिक लांब होते. पन्हा असतो सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे एका लुगड्यातून एका माणसाला पुरेल अशी चार थरांची गोधडी, कात्री न लावता तयार होते.

जुन्या कापडात एक उणीव मात्र असते, ती म्हणजे त्याचा रंग उडालेला असतो. आतील थर कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यामुळे त्यांना रंग नसला तरी चालते. परंतु वरचा थर डोळ्यांना सुखविणारा असावा, असे सर्वांनाच वाटते. म्हणून शिवण्यापूर्वी वरच्या थराचे तुकडे पुन्हा रंगवून घेता येतात. त्यासाठी लागणारे रंग स्वयंपाकघरात आणि परसात मिळतात.

कांद्याची वाळलेली साल हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. या सालीत सोनेरी तपकिरी रंग दडलेला असतो. परंतु साली उकळून त्या पाण्यात सुती कापड नुसते बुडविले, तर चढलेला रंग पुढे धुण्यात बराचसा निघून जातो. सुती धागा अशा रंगांना सहजासहजी धरून ठेवीत नाही. धागा आणि रंग यांच्यामध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. तुरटी हा आपल्याकडील जुना आणि प्रसिद्ध रंगबंधक होय. पण तुरटीदेखील सुती धाग्यावर नीट टिकत नाही. म्हणून जाणते रंगारी कापडाला आधी हिरड्याचे पाणी देत. हिरड्यातील तुरट द्रव्य सुताला घट्ट चिकटते, त्या द्रव्याला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग चिकटतो. एकाने दुसऱ्याचा हात धरावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तशी ही साखळी असते.

ही कृती घरी करून पाहण्यासारखी आहे. शंभर ग्रॅम जुने सुती कापड घेतले, असे समजा. प्रथम ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात स्वच्छ धुवावे. कारण तेलकट जागी रंग चढत नाही. मग वीस ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजू द्यावे. सकाळी ते पिळून सावलीत वाळवावे. नंतर पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्या पाण्यात ते काही तास ठेवावे. तिसरे पाणी रंगाचे. शंभर ग्रॅम कांद्याच्या साली तासभर उकळून पाणी गाळून घ्यावे. त्यात ओले कापड सोडून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास राहू द्यावे. या वेळी ते काठीने सारखे हलवीत राहावे. नाहीतर घडीच्या जागी रंग कमी बसून डाग दिसतात. शेवटी कापड थंड पाण्यातून काढून सावलीत वाळत घालावे. रंगाचे भांडे स्वयंपाकाला वापरू नये, आणि उकळत्या पाण्याचे काम घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

शंभर ग्रॅम साली म्हणजे थोड्याच, असे समजू नका. कांद्याची साल फार हलकी असते. एवढी साल जमविण्यास घरच्या स्वयंपाकघराला कित्येक आठवडे लागतात. म्हणून नातवंडांनी एखादी पिशवी खुंटीला अडकवून रोजच्या साली तिच्यात टाकीत जावे. रंगकामाचा आरंभ या पिशवीपासून होतो.

डाळिंबाच्या सालीचा याच रीतीने पिवळा रंग मिळतो. पळसाच्या फुलांपासूनही पिवळा-केशरी रंग काढतात. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस ठेवले की, लोखंडाचे काळसर पाणी तयार होते. हिरडा लावलेले पिवळट कापड त्यात बुडविताच पाहता पाहता करडे होते आणि मग काळे पडते. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून पूर्वी काळी शाई करीत, तिच्यातही हाच गुण कामी येत असे. मात्र लोखंडाचे पाणी जपून वापरावे लागते. ते अधिक झाले तर सुताचा कस जातो.

हळदीची गोष्ट निराळी आहे. तिला मध्यस्थ लागत नाही. सुती कापडावर ती आपण होऊन चढते. जेवताना सदऱ्यावर पडलेल्या आमटीच्या थेंबाने हे तुम्हांला कधीच शिकविले असेल. तो डाग साबण लावताच लाल होतो, हेही तुम्ही पाहिले असेल. साबणातील अल्कामुळे हळदीचा पिवळा रंग लाल होतो. परंतु उन्हापुढे हळदीचे काही चालत नाही. हळदीत रंगविलेले कापड थोड्या दिवसांच्या उन्हाने फिके पडते. म्हणून जो रंग सहज चढतो तो टिकाऊ असेलच असे नाही, हे रंगकाम करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

सर्वांत नवलाचा रंग निळीचा. निळीच्या झाडाची पाने पाण्यात कुजवून तिचा रंग काढतात. ही नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून कुंडात आंबवून तिला विरघळणारे रूप द्यावे लागते. अशा कुंडातून कापड वर काढले म्हणजे ते निळे नसते, हिरवट पिवळे असते. बाहेरच्या हवेतील प्राणवायू लागला की, ते डोळ्यांदेखत निळे होऊ लागते. तिला तुरटीचीही गरज नसते.

रंगविण्यापूर्वी कापडात हरभऱ्याचा दाणा धरून त्याच्या मुळाशी दोरा घट्ट आवळून बांधला, तर बांधलेल्या जागी रंग पोहोचत नाही. पुढे दोरा सोडला की, तेथे फिकट वर्तुळ उमटते. बांधणीची कला याच तत्त्वावर उभी आहे. दोरा सुटून वर्तुळ कसे निघेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच ते पाहावयास सगळे घर गोळा होते.

तुकडे रंगवून, वाळवून, चुण्या काढून झाले की शिवणीस आरंभ होतो. प्रथम स्वच्छ जमिनीवर खालचे कापड ताणून पसरतात आणि चारही कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवतात. त्यावर आतील थर घालतात. एखादा थर कोठे विरला असेल, तर तेथे ठिगळ ठेवतात. सर्वांत वर रंगीत कापड येते. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र धरतात, आणि त्यानंतर खरा धावदोरा सुरू होतो. काही ठिकाणी कडेपासून आरंभ करून चौकटीच्या आत चौकट घालीत मध्याकडे जातात. काही ठिकाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर ओळी घालतात. एक हात वर सुई चालवितो आणि दुसरा हात खाली राहून सुईचे टोक सर्व थरांतून आले की नाही, हे बोटाने पाहतो.

गोधडीला किती टाके लागतात, याचा हिशेब तुम्हीच करा. गोधडी दोन मीटर लांब आणि एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद आहे. दर दोन सेंटिमीटरांवर धावदोऱ्याची एक ओळ, म्हणजे साठ ओळी झाल्या. प्रत्येक टाका आणि त्यापुढील मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरले, तर एका ओळीत दोनशे टाके येतात. साठ गुणिले दोनशे, म्हणजे बारा हजार टाके! मिनिटाला दहा टाके या गतीने सलग वीस तास शिवावे लागेल. घरची कामे सांभाळून रोज तासभर मिळाला, तर एका गोधडीला तीन आठवडे लागतात.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. साठ ओळी प्रत्येकी दोन मीटरांच्या, म्हणजे दोरा निदान एकशेवीस मीटर लागणार. फार लांब दोरा घेतला तर तो गुंततो. म्हणून एका वेळी साधारण मीटरभर घेतात. याचा अर्थ सुई सव्वाशे वेळा ओवावी लागते. आणि येथेच आजीचे अडते. वय वाढले म्हणजे डोळ्यांतील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळची बारीक वस्तू स्पष्ट दिसेनाशी होते. ज्या हाताला बारा हजार टाक्यांचे भय वाटत नाही, त्या हाताला सुईचे नेढे सापडत नाही. नातवंडांचे डोळे तीक्ष्ण असतात, पण त्यांच्या हाताला अजून वळण नसते. एकाजवळ दृष्टी आणि दुसऱ्याजवळ हात, अशी ही जोडी जमते. सव्वाशे वेळा आजी हाक मारते आणि सव्वाशे वेळा नातू किंवा नात तिच्याजवळ येऊन बसते. दोरा ओवता ओवता मूल टाक्याकडे पाहू लागते, आणि एक दिवस आजी सुई त्याच्याच हाती देते.

सुई ही मुलींनीच धरावयाची वस्तू आहे, असे मानण्याचे कारण नाही. गावोगावचे शिंपी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच होते. संत नामदेवांचा जन्म अशाच शिंपी कुळात झाला. गोधडीच्या भोवती बसलेल्या मुलांमध्ये भाऊ असो वा बहीण, टाका दोघांनाही सारखाच आला पाहिजे.

शिवताना बोलणे होतच असते. हा निळा तुकडा आजोबांच्या सदऱ्याचा, ही हिरवी पट्टी आत्याच्या परकराची, हे काठ पणजीच्या लुगड्याचे, असे आजी सांगत जाते. पणजीला नातवंडांनी कधी पाहिलेले नसते. परंतु तिच्या लुगड्याचे काठ त्यांच्या बोटांखाली असतात. घराचा असा इतिहास कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो.

जुन्या कापडाला नवे रूप देण्याची ही रीत भारतात अनेक ठिकाणी आढळते. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात, आणि तीवरील भरतकामासाठी साडीच्या काठांतील रंगीत धागेही काढून घेत. बिहारमध्ये सुजनी प्रसिद्ध आहे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात. ती कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने मध्यापर्यंत नेतात, आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना त्या फुले म्हणतात.

ठिगळ लावलेले कापड म्हणजे दारिद्र्याची खूण, असे काही लोकांना वाटते. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) जन्मभर ठिगळांचे वस्त्र अंगावर वागविले, म्हणून लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणाऱ्या या थोर पुरुषाने कपड्याचे मोल त्याच्या किमतीवर कधी ठरविले नाही. अनेक घरांत कापड महाग होते म्हणून गोधडी शिवली गेली, हे खरेच आहे. पण त्या टंचाईतून कापडाचा एकही तुकडा वाया न घालविण्याची विद्या निर्माण झाली.

ही विद्या हरवूही शकते. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनाईन हे औषध प्रयोगशाळेत तयार करण्याच्या खटपटीत होता. औषध तयार झाले नाही. परंतु भांड्यात एक सुंदर जांभळा रंग मिळाला. कृत्रिम रंगांच्या धंद्याचा येथून आरंभ झाला. मंजिष्ठाच्या मुळांतील लाल रंग १८६८ साली जर्मनीत कृत्रिम रीतीने तयार झाला, आणि १८९७ साली तेथील कारखान्यातील नीळ बाजारात आली. हे रंग स्वस्त होते, वापरावयास सोपे होते आणि त्यांत हव्या त्या छटा मिळत. लोकांनी ते आनंदाने घेतले. मात्र मंजिष्ठाची आणि निळीची शेती मागे पडली, आणि पाण्याचा वास घेऊन कुंड तयार झाले की नाही हे सांगणारे रंगारीही कमी होत गेले. कृती पुस्तकात लिहून ठेवता येते. पाणी किती तापले हे बोटाला कसे कळते, दोरा किती ओढला म्हणजे कापड चुणत नाही, हे मात्र शिकणाऱ्याने जाणत्याजवळ बसूनच शिकावे लागते.

आज दुकानात तऱ्हेतऱ्हेची पांघरुणे मिळतात. घरातील पुष्कळसे कपडे कृत्रिम धाग्यांचे असतात आणि त्यांवर कांद्याच्या सालीचा रंग चढत नाही. तरीही गोधडी टिकून आहे. काही गावांतील महिलांचे बचत गट गोधड्या शिवून विकतात आणि त्यातून घराला हातभार लावतात. परंतु विकत आणलेल्या गोधडीत आपल्या पणजीचे काठ असणार नाहीत. ती गोधडी घरीच व्हावी लागते, आणि ती शिकविणारी माणसे घरात आहेत तोवरच व्हावी लागते.

गोधडी खऱ्या अर्थाने कधी पुरी होत नाही. वरचा थर विरला की, त्यावर नवे कापड घालून पुन्हा धावदोरा घालतात. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. त्यामुळे एकाच गोधडीत कधीकधी तीन पिढ्यांचे टाके सापडतात. त्यांतील काही टाके लहानमोठे आणि वाकडेतिकडे असतात. ते नातवंडांच्या हातचे होत. जाणती आजी ते उसवीत नाही. बारा हजारांतील दहा-वीस टाके वाकडे गेले, तरी शेजारचे टाके कापड धरून ठेवतात. आणि पुढच्या वेळी गोधडीला नवा थर घालावयाची पाळी येईल, तेव्हा ते वाकडे टाके घालणारा हात सरळ धावदोरा घालण्याइतका तयार झालेला असतो.